दुकानात चालतो, घरी गेम लावला की बंद पडतो: नव्या बजेट पीसीचा दोष कसा शोधायचा

ब्राउझर, यूट्यूब, कॉलेजचं काम, सगळं तासन्‌तास बिनबोभाट चालतं. गेम लावला, मॅच रंगात आली, की पडदा काळा आणि पीसी बंद. कधी आपोआप परत सुरू होतो, कधी मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय जागचा हलत नाही. कमी बजेटमध्ये पहिला गेमिंग पीसी बांधलेल्या मुलांकडून ही तक्रार इंदूरात मी सारखी ऐकतो, आणि तिचा पुढचा भागही ठरलेला असतो. ग्राफिक्स कार्ड काढायचं, पिशवीत घालून आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला न्यायचं, दुकानदार ते आपल्या टेबलावरच्या मशिनला लावतो, तिथे अर्धा तास गेम मस्त चालतो, ‘भिया, कार्ड तो एकदम ओके है’ हे ऐकून घरी यायचं. संध्याकाळी पुन्हा तेच.

ही फेरी वाया गेली असं समजू नका. कार्ड तिथे चाललं याचा अर्थ दोष बहुतेक त्या वस्तूंमध्ये आहे ज्या तुमच्यासोबत दुकानात आल्याच नाहीत: तुमचा एसएमपीएस (कॅबिनेटमधला, सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), तुमचं कॅबिनेट आणि त्यातली गरमी, तुमचा यूपीएस, तुमच्या भिंतीतला सॉकेट. बजेट पीसीत पैसे नेमके इथेच कापले जातात, कारण स्पेसिफिकेशन सांगताना मित्रांना कुणी एसएमपीएसचं नाव सांगत नाही. म्हणून कार्डाला सगळ्यात शेवटी हात लावा. त्याआधीचं जवळजवळ सगळं घरच्या घरी, फुकटात तपासता येतं.

बंद पडतो म्हणजे नेमका कसा?

हे नीट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोबाइल समोर उभा करून व्हिडिओ काढलात तर उत्तम, कारण त्या क्षणी लक्ष गेममध्ये असतं आणि नंतर कुणालाच धड आठवत नाही.

पंखे, दिवे, सगळं एका झटक्यात गेलं आणि बटण दाबूनही सुरू होईना, मागचा स्विच बंद करून थोडं थांबल्यावरच सुरू झालं, तर एसएमपीएसने स्वतःला वाचवण्यासाठी हात वर केले आहेत. त्याच्यातली सुरक्षा व्यवस्था जास्त करंट ओढला गेला की पुरवठा तोडते आणि तशीच अडकून राहते. सगळं गेलं पण दोन-चार सेकंदांत पीसी आपला आपण सुरू झाला, तर वीज क्षणभरच तुटली होती. मग भिंत, यूपीएस आणि एसएमपीएस तिघेही संशयित.

पडदा काळा झाला पण पंखे फिरतायत, हेडफोनमध्ये गोळीबार चालूच आहे, मित्र डिस्कॉर्डवर बोलतायत, तर पीसी बंद पडलेलाच नाही. तिथे कार्ड, त्याचा ड्रायव्हर, मॉनिटरची केबल किंवा कार्डाला जाणारी पॉवरची केबल बघायची. निळा पडदा आला तर रॅम किंवा ड्रायव्हर. आणि गेम नुसता डेस्कटॉपवर फेकत असेल तर विजेचा विषय सोडून द्या.

निळा पडदा येऊन इतक्या पटकन रीस्टार्ट होतो की दिसतच नाही, असंही होतं. त्यासाठी सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, मग स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढून टाका. आता निळा पडदा आला तर थांबून राहील.

नंतर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून विंडोज लॉग्जमधला सिस्टिम हा भाग बघा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद हमखास सापडते, आणि नावात ‘पॉवर’ आहे म्हणून मुलं थेट नवा एसएमपीएस घ्यायला निघतात. थांबा. ४१ ही नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. तुम्ही स्वतः बटण दाबून धरून पीसी बंद केलात तरी हीच नोंद पडते. उपयोगाची गोष्ट तिच्या डिटेल्समध्ये आहे. बगचेक कोड शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटल्याची शक्यता जास्त. शून्य सोडून दुसरा आकडा असेल तर तो निळ्या पडद्याचा कोड आहे. आजूबाजूला ‘व्हीआ-लॉगर’ (WHEA-Logger) अशा, हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी असतील तर प्रोसेसर, रॅम किंवा कार्डाच्या स्लॉटकडे वळा. रॅमला जास्त वेगाने चालवणारी एक्सएमपी सेटिंग बंद करा, मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर म्हणजे बायॉस अपडेट करा, आणि मग पुन्हा खेळून बघा.

सुरुवात भिंतीपासून

कॅबिनेटच्या मागच्या बाजूच्या उघड्या पत्र्याला हाताची मागची बाजू अलगद लावून बघा. झिणझिण्या येतात का? एचडीएमआयची केबल लावताना बोटाला चटका बसल्यासारखं होतं का? होत असेल तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा आहे पण मध्येच तुटलंय. एसएमपीएसच्या तोंडाशी जो फिल्टर असतो त्यात फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग शाबूत असेल तर तिकडून येणारा किरकोळ करंट जमिनीत निघून जातो. नसेल तर पत्रा पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट फार थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण उद्या एसएमपीएसच्या आत खरोखर बिघाड झाला तर तोच पत्रा जीवावर बेतू शकतो. म्हणून हे काम गेमिंगसाठी नसलं तरी करायचंच.

रामबागेत एका जुन्या वाड्यात हे अगदी समोर पाहायला मिळालं. आजोबांनी नातवाच्या पीसीसाठी म्हणून खास नवा मॉड्युलर बोर्ड बसवून घेतला होता. पांढरीशुभ्र प्लेट, तीन भोकं, इंडिकेटर, सगळं झकास. इलेक्ट्रिशियनने स्क्रू काढून प्लेट पुढे ओढली तेव्हा मागे दोनच तारा. वरच्या मोठ्या भोकाचा स्क्रू कोराच होता, त्याला कधी तार लागलीच नव्हती, कारण वाड्याच्या जुन्या लाकडी पट्टीच्या वायरिंगमध्ये तिसरी तार नव्हतीच. शिवाय न्यूट्रलचा स्क्रू अर्धाच आवळलेला होता आणि त्याच्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं. पीसी गेममध्ये बंद पडत होता तो या सैल न्यूट्रलमुळे. ट्यूबलाइट आणि मोबाइलचा चार्जर त्यावर आरामात चालत होते. साडेतीनशे वॅटचा भार आला की ते टोक तापायचं आणि संपर्क सुटायचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण यावर खूप उलटसुलट ऐकू येतं. अर्थिंग नसलं म्हणून पीसी गेममध्ये बंद पडतोच असं नाही. बंद पाडतो तो सैल फेज किंवा न्यूट्रल, झिजलेला सॉकेट, आणि दहा वर्षांची एक्स्टेन्शन बोर्डाची पातळ वायर. पण जिथे अर्थिंग गायब असतं तिथे बाकीचं कामही बहुधा तसंच उरकलेलं सापडतं, म्हणून झिणझिण्या ही चांगली खूण आहे.

मोजमाप इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. लहान मुलांनी यात पडू नये. महाराणी रोडवर साधा मल्टिमीटर सहज मिळतो आणि तो घरात असावाच, पण भिंतीतला पुरवठा मोजणं हे घरातल्या मोठ्यांचं आणि इलेक्ट्रिशियनचं काम. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थही तितकंच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. शेवटचा आकडा दहा-पंधरा किंवा त्याहून वर दिसला तर घरभरच्या न्यूट्रलची किंवा अर्थिंगची तपासणी करून घ्या. त्यानंतर महत्त्वाचं मोजमाप: पीसी नुसता चालू असताना एकदा आणि गेम चालू असताना एकदा. गेम लागताच त्याच सॉकेटवर दहा-बारा व्होल्ट पडत असतील तर वाटेत कुठेतरी जोड सैल आहे.

आणि वेळ टिपून ठेवा. आपल्याकडे नर्मदेचे नळ आले की गल्लीभर मोटरी लागतात, उन्हाळ्यात कूलर आणि एसी त्यात भर घालतात. पीसी बंद पडण्याची वेळ आणि नळाची वेळ जुळत असेल तर तुम्हाला अर्धी दिशा तिथेच मिळाली. स्वतःच्या घरची मोटर आणि पीसी एकाच सर्किटवर असतील तर ते आधी वेगळे करून घ्या.

यूपीएस: सगळ्यात सोपी चाचणी, सगळ्यात जास्त विसरली जाणारी

एक संध्याकाळ यूपीएस बाजूला ठेवून पीसी थेट भिंतीत लावा. बस. तेवढ्याने बंद पडायचं थांबलं तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

घरात आधीपासून असलेला यूपीएस बहुतेक ६०० व्हीएचा असतो, आणि ६०० हा आकडा वॅटचा नाही. असे छोटे यूपीएस साधारण ३६० वॅटचे असतात. आता बजेटमधला एक नेहमीचा पीसी घेऊ: आरएक्स ६६०० कार्ड आणि आय५-१२४००एफ प्रोसेसर. कार्डाचे १३२ वॅट, प्रोसेसर पूर्ण जोरात गेला तर ११७, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ४५ धरा. झाले २९४. एसएमपीएस ८५ टक्के कार्यक्षम असेल तर भिंतीतून ३४६ ओढले जातात. मॉनिटरही त्याच यूपीएसवर, त्याचे २५. बेरीज ३७१. गेममध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही सतत टोकाला नसतात, म्हणून बहुतेक वेळ गाडं चालतं. नवी लेव्हल लोड होताना किंवा शेडर (गेमचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना दोन्ही एकदम धावले की यूपीएस शरण.

दुसरी तऱ्हा जास्त चकवते. वीज असताना हा यूपीएस भिंतीचाच पुरवठा पुढे देतो, बॅटरी वापरत नाही. व्होल्टेज खाली गेलं की आत रिले ‘टक्’ करतो आणि फार खाली गेलं की क्षणभर बॅटरीवर जातो. बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर ती डेस्कटॉपचे सत्तर-ऐंशी वॅट पेलते, गेमचे तीनशे पेलत नाही. त्यामुळे ‘वीज जाते तेव्हा तर यूपीएस व्यवस्थित चालतो’ असं घरातले ठामपणे सांगतात, आणि ते खोटंही नसतं. बंद पडण्याच्या क्षणी तो ‘टक्’ ऐकू आला का, एवढंच लक्षात ठेवा.

घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्याच्या मागचं यूपीएस मोडचं बटण बघा. साध्या मोडमध्ये भिंतीकडून बॅटरीकडे जायला त्याला जास्त वेळ लागतो. चांगला एसएमपीएस वीज तुटल्यावर साधारण १६-१७ मिलीसेकंद तग धरतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या एका आवर्तनापेक्षाही कमी. इन्व्हर्टरने त्याआत अदलाबदल केली पाहिजे. शिवाय जुने स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आणि स्वस्त यूपीएस यांचं हल्लीच्या ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसशी बऱ्याचदा जमत नाही. तिथे दोष ना इन्व्हर्टरचा ना एसएमपीएसचा, जोडी चुकलेली असते.

एसएमपीएसचं लेबल वाचा

भिंत आणि यूपीएस दोन्ही निर्दोष ठरले तर कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि एसएमपीएसवरचा तक्ता शोधा. उलट्या बाजूला असेल तर चार स्क्रू काढून तो बाहेर घ्या, पण एसएमपीएसची स्वतःची पेटी कधीच उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच राहतो.

कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट आलेल्या एका एसएमपीएसचं लेबल असं होतं: वर ठळक अक्षरात ‘५००’, खाली बारीक तक्त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, आणि १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. हा शेवटचा आकडाच तुमच्या कामाचा. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या तारेवरूनच घेतात. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. वरच्या हिशेबातलं १३२चं कार्ड आणि गेममध्ये साठ-सत्तर घेणारा प्रोसेसर यांतच तो संपला. त्यावर कार्ड काही मिलीसेकंदांसाठी आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी घेतं, ती वेगळीच. प्रामाणिकपणे बनवलेल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ३५ अँपिअरच्या आगेमागे दिसतं. मोठा आकडा सोडून हा गुणाकार करायची सवय लावून घ्या, अर्ध्याहून जास्त फसवणूक तिथेच उघडी पडते.

याच उसळ्यांमुळे आणखी एक कोडं सुटतं. फरमार्कसारखी, कार्डावर मुद्दाम पूर्ण भार टाकणारी चाचणी तासभर चालते आणि गेम दहा मिनिटांत पीसी पाडतो, असं बरेच जण सांगतात. फरमार्क एकसारखा भार टाकतो. गेममध्ये भार वर-खाली होत राहतो, आणि कमकुवत एसएमपीएस त्या चढ-उतारातच गडबडतो.

बदलून बघायला दुसरा एसएमपीएस प्रत्येकाकडे नसतो. त्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या. ते दुसऱ्या कंपन्यांच्या कार्डांवरही चालतं. त्यात पॉवर लिमिटची पट्टी ७० टक्क्यांवर आणा (काही कार्डांवर ती तेवढी उतरत नाही, तिथे जितकी जाईल तितकी खाली), गेमच्या सेटिंगमध्ये ६० फ्रेमची मर्यादा लावा आणि नेहमीसारखं खेळा. एरवी बंद पडायचा त्या वेळेच्या बरंच पुढे गेला तरी चालूच राहिला, तर दोष वीज किंवा गरमी या दोनांपैकी एक. मग पॉवर लिमिट पुन्हा १०० करा, ६० फ्रेमची मर्यादा काढा, कॅबिनेटचं झाकण काढा, टेबल फॅन थेट आत सोडा आणि खेळा. आता बंद पडला नाही तर गरमी. पंखा लावूनही पडला तर एसएमपीएस. एक रुपया खर्च न करता एवढी स्पष्टता देणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही, आणि एसएमपीएसवर पैसे घालण्याआधी मी हीच सुचवतो.

मल्टिमीटर असेल तर एसएमपीएसच्या मोलेक्स (चार जाड पिनांच्या) प्लगची पिवळी आणि काळी तार यांच्यामध्ये १२ व्होल्ट मोजता येतात. ११.४ ते १२.६ ही मान्य मर्यादा. गेम चालू असताना ११.३, ११.२ दिसलं तर निकाल लागला. १२.१ दिसलं म्हणून मात्र एसएमपीएसला निर्दोष ठरवू नका, कारण मिलीसेकंदांची घसरण मीटर पकडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या आकड्यावर तर अजिबात भिस्त ठेवू नका. स्वस्त मदरबोर्डांवर तो बराच चुकतो.

केबलही बघा. कार्डाचा ८ पिनी प्लग १५० वॅटसाठी असतो. एसएमपीएसला तो प्लगच नाही म्हणून साटा प्लगपासून (हार्ड डिस्कला वीज देणारा चपटा प्लग) ८ पिनी करणारी जोडवायर लावलेली सापडली, तर पीसी आत्ताच बंद करा. साटाच्या १२ व्होल्टच्या पिना मिळून ४.५ अँपिअरच्या, म्हणजे ५४ वॅटच्या असतात. त्यांच्यावर कार्ड चालवलं की प्लग वितळतो, आणि हे मी वितळलेला प्लग हातात धरून सांगतोय. बाकी प्लग पूर्ण आत बसून खटका लागलाय ना, प्रोसेसरजवळचा ४+४ पिनी अर्धवट तर नाही ना, हे बोटाने दाबून खात्री करा. झाकणाच्या काचेने दाबला गेलेला कार्डाचा प्लग हळूहळू बाहेर सरकतो.

गरमी

इंदूरात मे महिन्यात दुपारी पारा चाळीशी गाठतो आणि रात्री माळव्याची हवा उतरते. त्यामुळे ‘रात्री दोन वाजेपर्यंत चालतो, दुपारी पंधरा मिनिटांत बंद’ असं कुणी सांगितलं की मी आधी तापमान विचारतो. एचडब्ल्यू इन्फो (HWiNFO) हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून प्रोसेसर आणि कार्डाचे आकडे नोंदवत खेळा. रायझन ५ ५६००ची मर्यादा ९० अंश, इंटेलच्या बाराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची १००. प्रोसेसर तिथे पोचला की आधी वेग कमी करतो, फ्रेम अडखळतात, आणि तरीही आवरलं नाही तर बंद. म्हणजे गरमीने बंद पडणारा पीसी बहुधा आधी अडखळतो. एकदम गुळगुळीत चालत असताना गेला तर पुन्हा विजेकडे वळा.

पहिल्यांदा बांधणाऱ्यांच्या पीसीत इंटेलच्या सोबतच्या कूलरच्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांपैकी एक नीट न बसलेली सापडते. मदरबोर्डच्या मागून बघा, चारही काळ्या टोकांचा खटका सारखा दिसला पाहिजे. आणि पुढे सलग काच, चार रंगीत पंखे, हवा आत यायला जागा नाही, अशी कॅबिनेटं बजेटमध्ये फार खपतात. तशी असेल तर पुढची काच सैल करून बोटभर फट ठेवा आणि तापमान किती उतरतं ते बघा. वाळ्याच्या कूलरसमोर कॅबिनेट ठेवू नका, थंड वाटलं तरी ती दमट हवा आहे.

एसएमपीएसही तापतो. स्वस्त लेबलवरचा आकडा २५ अंशांच्या हवेचा असू शकतो. ८० प्लस या एसएमपीएसच्या प्रमाणपत्राची चाचणीसुद्धा २३ अंशांच्या आसपासच होते आणि ती फक्त कार्यक्षमता मोजते. आपली खोली मेमध्ये ३६-३८. चांगल्या एसएमपीएसवर ४० किंवा ५० अंशांला पूर्ण वॅट देतो असं लिहिलेलं असतं, तेच बघून घ्या.

रॅम, थोडक्यात

दोन काड्या असतील आणि बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. एक्सएमपी बंद करून चालला तर रॅम किंवा तिचं व्होल्टेज. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर लावून ठेवा. एकही चूक दाखवली तर काडी बदला.

नवा एसएमपीएस घेताना

वर सांगितलेल्या पीसीला ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस पुरतो, ७५० घ्यायची गरज नाही. दुकानात सरळ विचारा: ‘भिया, बारह वोल्ट पे कितने एम्पियर हैं?’ उत्तर न देता डबा पुढे सरकवला तर डब्यावरच बघा. ५५०मधले ५००च्या वर वॅट १२ व्होल्टवर मिळाले पाहिजेत. वॉरंटी निदान तीन वर्षांची, पाच असेल तर फारच चांगलं. ८ पिनी प्लग एसएमपीएसमधूनच निघालेला हवा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या.

बजेट ताणलेलं असेल तर पैसे इतरत्र कापा. रंगीत पंखे नकोत, काचेचं कॅबिनेट नको, महागडा मदरबोर्ड नको. आय५ऐवजी आय३-१२१००एफ घेतला तरी याच कार्डासोबत बहुतेक गेम छान चालतात, आणि वाचलेल्या पैशांत चांगला एसएमपीएस येतो. घरी बाबा किंवा काका पैसे देणार असतील तर त्यांना स्पष्ट सांगा की फॅन नंतर कधीही लावता येतो, पण खराब एसएमपीएस गेला तर सोबत बोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो. बहुतेक घरांत हे पटतं.

तरीही बंद पडत असेल तर

आता दुकानात जा, पण या वेळी सुटं कार्ड नेऊ नका. पूर्ण कॅबिनेट, तुमचीच पॉवर केबल आणि तुमचाच यूपीएस घेऊन जा. सोबत बंद पडतानाचा व्हिडिओ, इव्हेंट व्ह्यूअरचा फोटो, आणि पॉवर लिमिट ७० आणि १०० टक्क्यांवर काय झालं ते कागदावर. दुकानदाराला आधी सगळं जसंच्या तसं चालवायला सांगा. तिथे चाललं तर तुमच्या घरची वायरिंग किंवा खोलीची गरमी पुन्हा तपासा. तिथेही पडलं तर त्यांच्याकडचा एसएमपीएस लावून बघायला सांगा, मग रॅम, आणि त्यानंतर कार्ड. कार्ड जुनं, मायनिंगमधलं (क्रिप्टो चलन मिळवायला रात्रंदिवस राबवलेलं) घेतलेलं असेल तर एवढं करून झाल्यावर त्याच्यावर संशय घ्यायला हरकत नाही. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड सॉफ्टवेअरमध्ये आरएक्स ५८०च्या शेडरचा आकडा २३०४ऐवजी २०४८ दिसला तर ते वेगळंच, कमी ताकदीचं मॉडेल आहे हेही तिथेच विक्रेत्याला दाखवा. वॉरंटीतलं कार्ड असेल तर याच नोंदी तक्रारीसोबत जोडा. एसएमपीएस, पुरवठा आणि तापमान तपासून झाल्याचं लेखी असेल तर ‘आमच्याकडे चालतंय’ म्हणून कार्ड परत पाठवणं सर्व्हिस सेंटरला अवघड जातं.